मोठ्या बाईंची घागर

आरोग्यधाम, मिरजेजवळ
ता. २० नोव्हेंबर १९३९

निर्मलाबाई यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही वाईहून निघालात, प्रकाशा गावाशी नावेतून तापी ओलांडलीत आणि शहाद्याला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा वर्ग उघडलात, हे आमच्या घरून कळलं. त्या दिवशी पोरांनी तुमचं काय केलं असेल ते मला खाटेवर पडल्यापडल्या दिसतंय. एकानं रडायला सुरुवात केली असेल आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली असेल.

पाकिटावर लिहिलंच आहे, पण पुन्हा सांगते. माझं पत्र आधी तासभर उन्हात ठेवायचं, मगच फोडायचं. छातीचं दुखणं आहे, खेळ नव्हे.

आपलं बालमंदिर पुस्तकावर चालत नाही, हंगामावर चालतं. शांतिलालशेठनी रुईचं गोदाम दिलंय, तेव्हा सध्या कापूस हाच धडा. बोंडातून सरकी वेगळी करायला लावा, बोटं वळतात. पौषात तीळ निवडणं, फाल्गुनात पळसाची फुलं उकळून रंग, चैत्रात शेठच्या घरच्या पोरींची गणगौर. आणि आखाजीच्या, म्हणजे तुमच्या अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी, सुट्टी लागताना, बालमंदिराची घागर तेवढी आठवणीनं भरा. पोरांना सगळं ठाऊक आहे, तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. आणि तोवर मी येतेच.

वर्गात रंजना म्हणून एक आहे, पाचवं लागलंय, ती माझी. माझ्या सासूबाई फुलवंताबाई तिला लोणखेड्याहून रोज आणून सोडतात. तिचे वेगळे लाड करू नका. एका लोटीतून दुसऱ्या लोटीत पाणी ओतायचा खेळ तिला फार आवडतो, तो मात्र खेळू द्या. मी कधी येणार ते तिला सांगू नका.

तुमची
सरला मगन पाटील

---

शहादे
ता. ११ डिसेंबर १९३९

सौ. सरलाबाईंना नमस्कार.

पत्र उन्हात ठेवलं होतं. शेठची बकरी त्याचा एक कोपरा खाऊन गेली, बाकीचं वाचलं.

खरं सांगू का, माझ्या नाकी नऊ आले आहेत. चाळीस पोरं, चाळीस नाकं, आणि कापसाची ती धूळ. सरकी वेगळी करतात ती माझ्या केसांत खोचतात. संध्याकाळी अंग टाकलं की मला माझंच नाव आठवत नाही.

त्यात यांची भाषा. रोज सकाळी दारात एकेक जण उभा राहून म्हणतो, "बाई, मी उनू." मी आपली प्रत्येकाला ओढून सावलीत बसवते आणि म्हणते, ऊन लागलं ना, बस हो. आठवडाभर हा प्रकार चालला. शेवटी शेठच्या लाडकंवरबाई पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "बाई, उनू म्हणजे आलो." मग माझंही हसू थांबेना. पुण्याला शिकवलेलं शिक्षणशास्त्र असं दारातच घसरून पडलं.

रंजना बरी आहे. रडत नाही. पाणी ओतताना जीभ बाहेर काढते. एक थेंब सांडत नाही. परवा विचारत होती, "मन्ही माय कवय येई?" तुम्ही बजावलंय म्हणून मी काही बोलले नाही. पण गप्प बसणं सोपं नसतं हो, सरलाबाई.

मी आखाजीपर्यंत थांबेन म्हटलंय, तेवढी थांबेन. पुढे भावानं पुण्याला एका मुलींच्या शाळेत माझं बोलून ठेवलं आहे. तिथे निदान बाकं आहेत.

आपली
निर्मला

---

आरोग्यधाम, मिरजेजवळ
ता. २२ जानेवारी १९४०

निर्मलाबाई, तिळगूळ घ्या, गोड बोला. मुळात तुम्ही कडू बोलता हे मला आवडतं, तेव्हा थोडंच गोड बोला.

अक्षर वेगळं दिसेल. इथल्या परिचारिका सांगितलेलं लिहून घेतात. हाताला काही झालेलं नाही, नुसता आळस. वजन वाढतंय. डॉक्टर खूश आहेत.

तुमची 'उनू'ची गोष्ट मी वॉर्डात सगळ्यांना सांगितली. एक म्हातारी कोकणातली आहे, तीसुद्धा आता डॉक्टर आले की "उना" म्हणते. पोरांशी बोलताना घाई करू नका. ती जे बोलतात ते आधी त्यांच्या घरचं असतं, मग आपलं मराठी. मी इथली सून आणि इथलीच लेक, तरी धुळ्याला शिकून परत आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आते तू पुस्तकमाइन बोली ऱ्हायनी." सहा महिने मला पुस्तकातून बाहेर यायला लागले.

तीळ निवडून झाले असतील तर ज्वारीची कणसं आणा. आणि तेवढं आखाजीपर्यंत निभावा. तुम्ही गेलात तर गोदामात पुन्हा रुईच्या गठाणी येतील. शेठ भला माणूस आहे, पण गोदाम रिकामं दिसलं की व्यापाऱ्याचा हात शिवशिवतोच.

रंजनाचं लिहीत जा. बारीकसारीक लिहा.

सरला

---

शहादे
ता. २८ मार्च १९४०

सौ. सरलाबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. पळसाचा रंग केला आणि पोरांनी तो माझ्या एकुलत्या एका बऱ्या पातळावर ओतला. आता मी नारिंगी बाई झाले आहे. बाजारात लोक मला बघून हसतात आणि मग मुकाट्यानं भाजी जास्त देतात.

शेठच्या घरी गणगौर बसली आहे. लाडकंवरबाईंनी सगळ्या पोरींना बोलावलं. रंजनाला गौरीच्या पुढ्यात पाणी ओतायला दिलं, तिनं ते असं ओतलं की म्हाताऱ्या बायका गाणं थांबवून बघत राहिल्या. तुमची पोर, खोटं कशाला सांगू, वर्गात सगळ्यांत पुढे आहे. फक्त बोलत नाही. आधी बोलायची असं बाकीची पोरं सांगतात.

मी दमले आहे, हे नेहमीचंच. ऊन चढायला लागलंय, गोदामाचे पत्रे तापतात, दहाला वर्ग सोडते. आखाजीच्या घागरीचं लक्षात आहे. तुमचा हेतूही कळला. भर उन्हाळ्यात पाणी ओतायचा धडा, आणि तो सगळ्यांनी मिळून एकाच घागरीत. आमच्याकडे वैशाखात पाण्याचा घडा दान देतात, वाटसरूंना. फार सुंदर कल्पना आहे. ती मी मनापासून करीन, मग निघेन.

तुमचं येणं कधी? आखाजीला आता दीड महिनाच उरला.

निर्मला

---

शहादे
ता. १२ मे १९४०

सरलाबाई,

कुठून सुरू करू? तुमच्या घरून कोणी आधी लिहिलं असेल तर तुम्हाला कळलंच असेल. मी करायला गेले एक आणि झालं भलतंच.

आखाजीच्या आदल्या दिवशी लाल घागर आणली. पोरांनी तिला कुंकवाची बोटं लावली, गळ्याला सूत बांधलं. मग एकेकानं लोटीभर पाणी ओतायचं. धाकट्या लोटननं विचारलं, "कोणना नावनी भरानी, बाई?" मला वाटलं, किती छान प्रश्न. मी म्हटलं, जे लांब गेलेत आणि ज्यांची आपल्याला आठवण येते, त्यांच्या नावाची भरा.

लोटननं आज्याच्या नावानं ओतलं. रूपसिंगनं काकाच्या. मग रंजना आली. इतक्या महिन्यांत वर्गात तिनं पहिल्यांदा मोठ्यानं बोलून दाखवलं, "मन्ही मायना नावनी." आणि तिच्यामागून सगळे, मोठ्या बाईंच्या नावानी, मोठ्या बाईंच्या नावानी. मला भरून आलं हो. मी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फुलवंताबाई मळ्यातलं खरबूज घेऊन आल्या, घागरीवर ठेवायला. त्यांनी नुसतं विचारलं, "कोणनी घागर शे?" रंजना म्हणाली, "मन्ही मायनी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. खरबूज हातातून घरंगळलं. आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो मला अजून ऐकू येतो. त्यांना वाटलं, तार माझ्याकडे आली, आणि मी पोरांकडून ही अशी सांगते आहे. तासाभरात लोणखेड्यापर्यंत बातमी गेली. शेठनी दुकान बंद केलं. मगनभाई कळसाडीच्या शेतात होते, ते तिथून धावत आले, अनवाणी. तुमच्या दारात बायका रडायला जमल्या होत्या. मी ओरडून सांगत होते की सरलाबाई जिवंत आहेत, धडधाकट आहेत, वजन वाढतंय. माझं पुण्याचं मराठी त्या रडण्यात कोणाला कळणार?

मग लाडकंवरबाईंनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. इथे आखाजीला घागर भरतात ती मेलेल्या माणसाची. पितरांची. लांब गेलेला म्हणजे काय, हे इथे पोरालाही ठाऊक असतं, फक्त वाईहून आलेल्या शहाण्या बाईला नसतं.

संध्याकाळी सगळं निवळलं. पण ती घागर वर्गाच्या कोपऱ्यात तशीच आहे. तिचं काय करायचं ते कोणालाच माहीत नाही. जिवंत माणसाची घागर आजवर कोणी भरलेली नाही. ओतून द्यायची तर तुमचं बरंवाईट होईल म्हणतात, ठेवायची तर तेही अशुभ. मी तिच्याकडे पाठ करून बसते. सांगा, काय करू?

मला क्षमा करा असं लिहायचा धीर होत नाही.

निर्मला

---

आरोग्यधाम, मिरजेजवळ
ता. २१ मे १९४०

निर्मलाबाई,

पत्र ऐकून मी इतकी हसले की खोकल्यानं बेजार झाले आणि परिचारिकेनं कागद काढून घेतला. आज परत दिला.

चूक माझी. बालमंदिराची घागर हिलालची असते. दोन सालांमागे देवीच्या साथीत गेला तो, तुमच्या लोटनएवढाच होता. पोरं त्याची जागा मोकळी सोडून बसायची, कोणाला बसू देईनात. म्हणून मी आखाजीला त्याची घागर वर्गात भरायला सुरुवात केली, आणि सासूबाई तेव्हापासून तिच्यावर ठेवायला मळ्यातलं पहिलं खरबूज आणतात. मला वाटलं, 'घागर भरा' एवढं म्हटलं की जगात सगळ्यांना कळतं. माणूस आपल्या गावापलीकडे बघतच नाही.

आता रडू नका. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे तुमच्या वाईलाही म्हणत असतील. अंगाला कावळा शिवला तर लोक मुद्दाम अशी बातमी पाठवतात. तुम्ही ते फुकटात करून दिलंत.

घागरीचं मात्र नीट ऐका आणि सासूबाईंनाही सांगा. जिवंत माणसाची घागर भरली गेली तर ती ओतायची नाही, फोडायची नाही. ज्याच्या नावाची, त्यानंच येऊन प्यायची. तशी रीत आहे. मी येईन आणि पिईन. तोवर ठेवा.

रंजना मोठ्यानं बोलली. हे वाक्य मी परिचारिकेकडून पुन्हा वाचून घेतलं.

ती सुट्टीनंतर येईल ना वर्गात? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

सरला

---

शहादे
ता. १४ जुलै १९४०

सरलाबाई,

तुम्ही विचारलंत आणि मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहावं लागलं असतं. रंजना येत नव्हती. त्या दिवसापासून फुलवंताबाईंनी तिचं पाऊल गोदामात पडू दिलं नाही. शाळा उघडली तेव्हा चाळीसांतली सात पोरं आली, तीही शेठच्या घरची आणि गुमास्त्यांची. शेठ दोनदा येऊन भिंती न्याहाळून गेले. मी भावाला लिहिलं होतं की येते.

मग तुमची रीत मी लाडकंवरबाईंच्या तोंडून लोणखेड्याला कळवली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात फुलवंताबाई. सरळ घागरीपाशी गेल्या, आत डोकावल्या. मातीची घागर, ती पाझरते, उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलेलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "आटी गयी ते सरला काय पिई?" असं म्हणाल्या आणि रंजनाला पुढे करून म्हणाल्या, "भर."

तेव्हापासून ती रोज येते. रोज लोटीभर ओतते. आणि बातमी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत आली. मोठ्या बाईंची घागर आटू द्यायची नाही म्हणून आया आपापली पोरं पाठवू लागल्या. ज्या घागरीनं वर्ग मोडला तिनंच तो भरला. माझं यात काही कर्तृत्व नाही, मी नुसती उभी होते.

घागरीखाली पाणी झिरपतं तिथे पोरांनी वाल पेरलेत. आषाढाचा धडा म्हणून मी आडवी आले नाही. वेल आता घागरीच्या गळ्यापर्यंत आलाय. लोटन म्हणतो, "मोठ्या बाई उन्यात की शेंगा देसूत."

भावाला कळवलंय की यंदा जमत नाही. तो रागावलाय. मीही दमलेलीच आहे, उगाच गैरसमज नको. पण घागर सोडून कशी जाऊ?

तुम्ही पत्रात वजनाचं लिहिलं नाहीत.

निर्मला

---

मळ्यातून, लोणखेडा
ता. ९ एप्रिल १९४१

निर्मलाबाई,

कोसाच्या आत राहून पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे, पण तुम्ही मुलांत वावरता, तेव्हा माझ्याजवळ येऊ नका. हे पत्र यांच्या हाती देते आहे. उन्हात ठेवा. आज माझ्याच हातानं लिहिते आहे, अक्षर कसं का असेना.

दिवाळीनंतर मला घरी आणलं तेव्हा गावाला वाटलं मी बरी होऊन आले. तुम्हालाही वाटलं असेल. तुम्ही घागर बैलगाडीतून पाठवलीत, वेलासकट, आणि गाडीमागून पोरं चालत आली, ती बांधावर उभी राहिली. मी मळ्यातल्या या झोपडीच्या दारात बसून तिच्यातलं पाणी प्याले. सासूबाई आधी रडल्या, मग सगळ्यांना गूळ वाटला. पाण्याला मातीचा आणि थोडा वालाच्या पानांचा वास होता. इतकं चांगलं पाणी मी वर्षभरात प्याले नव्हते.

आता राहिलेलं सांगते. डॉक्टरांनी मला पौषातच सांगितलं होतं, तुम्ही 'उनू'ची गोष्ट लिहिलीत त्याच्या पुढच्याच महिन्यात. वजन वाढत नव्हतं. मला तिथे आणखी ठेवून उपयोग नव्हता म्हणून घरी धाडलं. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही थांबला असतात की गेला असतात, ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून कळवलं नाही. आणि जिवंत माणसानं स्वतःची घागर प्यायची अशी काही रीत नाही. ती मी खाटेवर पडल्यापडल्या रचली. सासूबाईंना सांगू नका. त्यांनी तिच्यात रोज ओतायची भर घातली ते बरंच झालं.

रंजना रोज शाळेतून येताना बांधापर्यंत येते. जवळ यायचं नाही हे तिला ठाऊक आहे. आंब्याखाली थांबून ओरडते, "माय, मी उनू!" मग वर्गात काय झालं ते सगळं तिथूनच मोठमोठ्यानं सांगते. त्या गप्प पोरीचा आवाज आता अख्ख्या शिवारात जातो. मी इकडून हात हलवते. ओरडायला दम पुरत नाही.

आखाजी अठरा-वीस दिवसांवर आली. हिलालची घागर यंदा चुकवू नका. माझ्यासाठी नवी आणायची नाही, हे यांनाही सांगून ठेवलं आहे. ती जुनीच आहे, लाल, गळ्याला सुताची खूण असलेली. रिकामी झाल्यापासून झोपडीच्या कोपऱ्यात पालथी ठेवली आहे. गेल्या वर्षी तुम्ही चुकला नव्हतात, तुम्हाला फक्त वर्षभराची घाई झाली होती.

त्या दिवशी पोरं विचारतील, कोणाच्या नावाची भरायची. गेल्या वर्षी सांगितलंत तेच सांगा. टाळ्या मात्र वाजवू नका, इथे तशी रीत नाही.

आणि सासूबाई रंजनाला अडवायला बघतील. त्यांना बाजूला घ्या. पोरीला सावकाश ओतू द्या, तिला घाई केलेली चालत नाही.

तुमची
सरला